तिसऱ्या मजल्यावरचे दिवंगत

मुनिरका, नवी दिल्ली
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुधाकरदादा,

फोनवर तुला ऐकू येत नाही. कानातलं यंत्र तू फक्त लग्नकार्यात घालतोस. सुखदाच्या मोबाइलवर निरोप ठेवावा तर तो आधी ट्रस्टच्या ग्रुपवर जातो, तिथे त्याला सतरा नमस्कार पडतात आणि मग तो तुझ्यापर्यंत येतो. सून तुझी गुणाची आहे, पण ती ट्रस्टची खजिनदारही आहे. म्हणून हे पत्र, आणि ते फक्त तुझ्यासाठी.

पेट्या पोचल्या. तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालांनी जे शब्द वापरले ते कुठल्याही शब्दकोशात नाहीत. शब्दकोश मात्र पेट्यांतून तीन निघाले. शिवाय एका दिवंगत वकिलांचे कायद्याचे खंड, एका दिवंगत डॉक्टरांची होमिओपॅथी आणि कुणा मावशींनी तीस वर्षं बांधून घेतलेले दिवाळी अंक. पुण्यात माणूस गेला की अस्थी नाशिकला जातात आणि पुस्तकं मुनिरक्याला. तक्रार नाही हं. प्रत्येक दिवंगतामागे ट्रस्टला देणगी येते आणि त्या देणगीवर आमचं भाडं निघतं. या वाचनालयाला जिवंत माणसांनी कधी पोसलेलं नाही.

पण दादा, वाचतं कोण? दुपारी मी फरीदाबादहून मेट्रोने येऊन कुलूप काढते, तेव्हा दारात गल्लीतली आठदहा पोरं आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधली आपली दोनचार मराठी मुलं उभी असतात. त्यांना लागतात ती चित्रांची पातळ पुस्तकं, हिंदी-मराठी मिळून दोन ट्रंकांत मावतील एवढी. बाकीचं सगळं "काढून टाकू नये, दर्शनी ठेवावे" या ट्रस्टच्या नियमाखाली भिंतीला टेकून उभं आहे.

एक गंमत सांगते. सृष्टी म्हणून एक चुणचुणीत पोरगी आहे. तिने खेळ काढलाय. दाराशी गोटी ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. गोटी आपली आपण निघते आणि खोलीच्या मधोमध असलेल्या चंद्रप्रभावहिनीच्या कपाटाला टक् करून लागते. दर वेळी. मुलं म्हणतात, "चंद्रप्रभाकाकी खींचती हैं." गेल्या वर्षी हीच गोटी वाटेत कुठेतरी थांबायची.

बाथरूमचं दारही लागेनासं झालंय.

पुढच्या पेट्या जरा थांबवता येतील का?

तुझी,
कुमा

*

पुणे
१८ ऑक्टोबर २०२५

चि. कुमुदिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. दिल्लीचे फरशीकाम पहिल्यापासून असेच. कपाटाच्या पुढच्या पायांखाली लाकडी पाचर मार, गोटी थांबेल. दाराला रंधा फिरव. एवढ्यासाठी घाबरणे तुझ्या स्वभावात नव्हते.

पेट्या थांबवता येणार नाहीत. दोन कुटुंबांना शब्द दिला आहे. आपला बाप, आपली आई कुठेतरी वाचली जाते आहे, या समाधानासाठी लोक देतात. त्यांना "जागा नाही" कसे सांगू? स्मशानातसुद्धा कोणी असे सांगत नाही.

पण "काकी खेचतात" ही ओळ तिसऱ्यांदा वाचली. मुलांना बरोबर कळते. ती माणसांना अशीच खेचून घ्यायची.

विश्वासरावांना नमस्कार. निवृत्तीनंतर ते काही बोलू लागले का?

तुझा,
सुधाकरदादा

*

मुनिरका
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

पाचर मारली. गोटी आता कपाटाला वळसा घालून मागे जाते.

आपल्या खालच्या खोलीत रेवती राहते. परभणीची, इथल्या विद्यापीठात प्रबंध लिहितेय. तिच्याबद्दल मागे लिहिलं होतं. परवा ती वर आली, हातात ताट. वरणभात, आणि भातावर पांढरा भुगा. मला वाटलं खोबरं.

"मावशी, छत पडलं यात," ती म्हणाली. मग हसली. ती पोरगी कशालाही हसते, त्याचीच मला काळजी वाटते.

मी खाली गेले. तिच्या छताला, म्हणजे आपल्या जमिनीला, भेग आहे. खिडकीवरून निघते आणि खोलीच्या मधोमध जाते. मधोमध म्हणजे कुठे, हे वर जाऊन मोजायची मला गरज वाटली नाही. भेगेच्या बरोबर खाली तिचा पलंग आहे.

घरमालक चौधरीला बोलावलं. आला, मान वर केली, "अरे मैडम, ये तो प्लास्टर है. प्लास्टर तो सांस लेता है." दुसऱ्या दिवशी त्याने भेग पांढऱ्या सिमेंटने बुजवली आणि वरून देवीचं कॅलेंडर चिकटवलं. छताला! पलंगावर पडलं की थेट दर्शन. या शहरात दुरुस्तीची हीच पद्धत आहे, पण कॅलेंडर छताला लावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

रेवतीला म्हटलं, दुसरी खोली बघ. म्हणाली, "प्रबंध देईपर्यंत हलणार नाही मावशी. एवढ्या भाड्यात इथे कबूतरसुद्धा राहत नाही." मग जाता जाता म्हणाली, "आधी वरून मुलांच्या पावलांचा आवाज यायचा ना, तो आवडायचा मला. आता कर्र असा येतो. वाचनालय बंद असतं तेव्हापण येतो."

मी हे सगळं गमतीने लिहितेय असं तुला वाटेल. मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने लिहिता येत नाही, एवढंच.

कुमा

*

पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय कुमे,

आनंदाची बातमी! आपल्या ट्रस्टच्या अध्यक्षांनी, अण्णासाहेबांनी, मनावर घेतले. दर वर्षी संक्रांतीला आपली मंडळी पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात, मानवंदना देतात आणि तसेच परततात. या वर्षी १४ जानेवारीला काला अंब आणि १५ ला सकाळी थेट आपले वाचनालय. पंचेचाळीस माणसे येणार. तुझ्या हॉलमध्येच समारंभ. "कै. चंद्रप्रभा स्मृती दालन" असे नामकरण आणि त्याच वेळी अण्णासाहेब पाच वर्षांच्या भाड्याची व तुझ्या मानधनाची हमी जाहीर करणार. पाच वर्षे, कुमे! दर मार्चमध्ये तू मला जी तोंडात मारल्यासारखी पत्रे लिहितेस ती बंद होतील.

अण्णासाहेबांनी चंद्राचा अर्धपुतळाही करून घेतला आहे. ब्राँझ, खाली काळ्या दगडाचा चौथरा. तिला साधा फोटोसुद्धा काढून घ्यायला आवडत नसे. पण शिल्पकाराला सांगून झाले आहे. कपाटाशेजारीच बसवू. पेट्या बसबरोबर येतील.

पंचेचाळीस खुर्च्यांची सोय कर. प्लास्टिकच्या नकोत. अण्णासाहेबांचे वजन तू जाणतेस.

मागे चौधरीला सांगून मधली भिंत काढून दोन खोल्यांचा हॉल करून घेतला, तो दूरदृष्टीचा निर्णय होता, हे आता तुला पटावे.

तुझा,
दादा

*

फरीदाबाद
२८ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचलं आणि पंचेचाळीस पुणेकर मनातल्या मनात तिसऱ्या मजल्यावर उभे केले. मग पत्र घेऊन विश्वासपुढे ठेवलं.

तू विचारलं होतंस, ते बोलू लागले का. ऐक. माणसाने उभा जन्म केंद्र सरकारच्या इमारती तपासल्या, आणि चार वर्षं माझ्या वाचनालयाचा जिना चढला नाही. का, तर "मला कुणी विचारलेलं नाही." मी म्हटलं, आता विचारते. म्हणाले, "लेखी?" मी स्वतःच्या नवऱ्याला अर्ज केला, दादा. विषय, संदर्भ, महोदय. तो त्यांनी वाचला, त्यावर तारीख टाकली, आणि दुसऱ्या दिवशी छोटी हातोडी आणि टॉर्च घेऊन माझ्याबरोबर मेट्रोत बसले.

मुनिरक्यात त्यांनी आधी रेवतीच्या छताचं कॅलेंडर उचकटलं. पांढरं सिमेंट पुन्हा फाटलेलं होतं. हातोडीने ठोकत गेले. टण, टण, टण, मग एका जागी ठप. तिथे थांबले. वर आले. हॉलच्या मध्ये उभे राहून छताकडे, जमिनीकडे, दोन्ही भिंतींकडे बघितलं आणि विचारलं, "इथे भिंत होती. कुणी काढली?"

मी म्हटलं, ट्रस्टला भाषणांसाठी हॉल हवा होता.

खाली जाऊन त्यांनी भेगेच्या दोन्ही काठांना धरून काचेची एक बारीक पट्टी आडवी चिकटवली. जमीन हलली नाही तर पट्टी तशीच राहते, म्हणे. हलली तर काच तडकते, तिला ताणता येत नाही. रेवतीला म्हणाले, "रोज बघत जा." पलंग त्यांनी स्वतः ओढून दाराशी नेला.

मग आम्ही जिना उतरलो. दादा, लग्नाला इतकी वर्षं झाली. त्या माणसाने आमच्या लग्नातसुद्धा माझा हात भटजींनी सांगितल्यावर धरला होता. परवा जिन्यात धरला. आणि गल्लीच्या तोंडापर्यंत सोडला नाही.

मत विचारलं तर म्हणाले, "काच बघू."

तर समारंभ आपण खाली गल्लीत करू या का? दिल्लीत जानेवारीचं ऊन छान असतं. आणि वहिनीचं कपाट मधून काढून जरा भिंतीकडे सरकवू का? फक्त सरकवायचं म्हणते मी.

कुमा

*

पुणे
९ डिसेंबर २०२५

चि. कुमे,

विश्वासराव काचा चिकटवत बसले आहेत, ते त्यांना लखलाभ. सरकारी इंजिनियरला कुठलीही इमारत उभी दिसली की संशय येतोच.

समारंभ गल्लीत होणार नाही. अण्णासाहेब, पुतळा, दालन, आणि तू म्हणतेस गाई आणि स्कूटरींच्या मध्ये!

कपाटाचे मात्र तू बोलायला नको होतेस.

तुला एक सांगितलेले नाही. चंद्रा गेल्यावर ते कपाट माझ्या खोलीत समोरच होते. सकाळी डोळे उघडले की पुस्तकांच्या पाठी दिसत. फक्त पाठी. एकही मला उघडवेना. तिने आणि त्या सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाठ फिरवल्यासारखे वाटे. म्हणून ते तुझ्याकडे पाठवले, दान म्हणून नाही. ते दालनात मधोमध उभे आहे, भोवती मुले बसली आहेत, एवढे एक चित्र डोळ्यांसमोर धरून मी रोज ताटावर बसतो. ते तू भिंतीला लावू म्हणतेस.

आम्ही २ जानेवारीला निघतो. वाटेत उज्जैन आणि मथुरा करून पानिपत. पत्र पाठवायचे तर त्याआधी पोचेल असे पाठव.

सुधाकरदादा

*

मुनिरका
२७ डिसेंबर २०२५

दादा,

काच तडकली.

रेवतीने सकाळी फोन केला. नुसतं म्हणाली, "मावशी, दोन झाल्या." आज तिला हसू आलं नाही.

विश्वास लगेच आले. या वेळी अर्ज मागितला नाही. त्यांनी बघितलं आणि मला म्हणाले, "वरचं वजन उतरव. सगळं. आणि मुलांना एक दिवससुद्धा आत घेऊ नकोस."

आता सरळ लिहिते, जे ऑक्टोबरमध्येच लिहायला हवं होतं. ती भिंत वरचा भार पेलत होती. ती काढली आपण, आणि तिच्या जागी कपाट उभं केलं, बरोबर त्या रेषेवर. मग वर्षभर पेट्या. मी घाबरले होते, पण ट्रस्टला कळलं तर भाडं बंद होईल, वाचनालय बंद होईल, म्हणून तुला गोट्यांच्या गोष्टी लिहीत बसले. खाली एक पोरगी झोपत होती, दादा.

त्या जमिनीवर पंचेचाळीस माणसं उभी राहिली तर ती रेवतीच्या खोलीत जातील. रेवतीसकट. आणि खोली कदाचित तिच्याही खालच्या मजल्यावर.

समारंभ रद्द कर. वहिनीचं कपाट मी उद्या रिकामं करतेय. मला माफ करू नकोस हवं तर, पण वर चढू नकोस.

स्पीड पोस्टने टाकतेय. देवा, पोचू दे.

कुमा

*

उज्जैन
५ जानेवारी २०२६

प्रिय कुमे,

दर्शन छान झाले. घाटावर फार थंडी. निघेपर्यंत तुझे काही उत्तर आले नाही, म्हणजे तुला पटले असे धरतो. पुतळ्याचा टेम्पो वेगळा निघाला आहे, थेट तुझ्याकडे येईल. सुखदा म्हणते तुझे दोनदा फोन आले, पण अण्णासाहेब शेजारी बसलेले असल्याने तिने उचलले नाहीत. हाराफुलांचेच काम असणार. झेंडू घे, स्वस्त पडतो.

पंधराला भेटू. चंद्राच्या कपाटासमोर उभे राहून तुझ्याशी दोन शब्द बोलायचे आहेत, ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत.

दादा

*

पुणे
२४ जानेवारी २०२६

प्रिय कुमा,

परत आल्यावर दारात तुझे २७ तारखेचे पत्र पडलेले होते. आपण भेटून आठवडा उलटल्यावर मी ते वाचले.

त्या सकाळचे तू तुझ्या बाजूने पाहिलेस. मी माझ्या बाजूचे सांगतो.

आमची बस मुख्य रस्त्यावर थांबली, कारण तुझ्या गल्लीत बस शिरत नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तू सांगितले असशील. पंचेचाळीस फेटे रांगेने त्या गल्लीतून चालले, वर विजेच्या तारांची जाळी. गच्च्यांवरून पोरे ओरडत होती, "बारात आई!", असे सुखदाने मागाहून सांगितले. तू दारात उभी होतीस, आणि तुझ्या मागे जिन्याच्या पहिल्या पायरीवर विश्वासराव मांडी घालून बसले होते. अण्णासाहेब म्हणाले, "बाजूला व्हा." ते म्हणाले, "नाही." त्यांच्या तोंडून मी गेल्या दहा वर्षांत ऐकलेले हे पहिले वाक्य. ओठांवरून वाचले.

मग तुमचे सगळ्यांचे बोलणे सुरू झाले आणि मला नेहमीप्रमाणे त्यातले काही कळेना. सुखदा रडत होती. अण्णासाहेबांचा चेहरा जांभळा झाला होता. पुतळ्याचे हमाल टेम्पो सोडून जमिनीवर बसले होते. विश्वासराव अण्णासाहेबांना काचेचे तुकडे दाखवायला उठले, तेव्हा पायरी मोकळी झाली. मी वर गेलो. हे तुला माहीत नाही. तेव्हा कुणालाच कळले नाही.

हॉल रिकामा होता. कपाट नव्हते. फरशीवर फक्त त्याच्या चार पायांचे डाग. मी संतापाने आलो होतो, कुमे. तिथे मधोमध जाऊन उभा राहिलो, चपला काढून, देवळात उभे राहावे तसा.

मला ऐकू येत नाही, पण तळव्यांना कळते. चंद्रा स्वयंपाकघरात चालते आहे की थांबली, हे मला खोलीत बसून पायांना कळायचे. खाली कोणीतरी टेम्पो सुरू केला. तो मला पायांत जाणवला. मग टेम्पो गेला असावा. खिडकीतून गल्लीत तो दिसेना.

जमीन थांबली नाही.

बारीक, सतत, तापातल्या माणसाच्या हातासारखी थरथरत होती. मी भिंतीला धरून धरून दारापर्यंत आलो. ती वीस पावले असतील, पण मला काला अंबपासून चालत आल्यासारखे वाटले. माझ्या पायांखाली कोणाचा तरी पलंग आहे, हे तुझ्या पत्रांत वाचूनही मला तोपर्यंत कळले नव्हते. खाली आलो तेव्हा तू विचारलेस, "दादा, चेहरा असा का?" मी म्हटले, थंडी.

अण्णासाहेबांना मी सगळे सांगितले, पण बसमध्ये, मथुरेच्या पुढे गेल्यावर. ते म्हणाले, हा ट्रस्टचा अपमान आहे, देणगी रद्द, पेट्या परत. मी सचिवपद सोडले. तेव्हा तुझ्या वाचनालयाला आता भाडे नाही, मानधन नाही, आणि ट्रस्टमध्ये माणूसही नाही.

राहिली कपाटाची गोष्ट. ते कपाट मीच घेतले होते, तिच्या साठीला. चंद्राला ते कधीच आवडले नाही. म्हणायची, "ह्यात पुस्तकं कोंडून घातल्यासारखी वाटतात." तिची पुस्तके उशाशी, डब्यांच्या फळीवर, शिवणयंत्रावर पसरलेली असत. ती गेल्यावर ती सगळी गोळा करून कपाटात लावली मी. तू ते रिकामे केलेस. बरे केलेस.

पुतळा तिथेच राहिला का?

आणि ती परभणीची मुलगी कुठे आहे? हे आधी लिही.

दादा

*

फरीदाबाद
११ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादा,

आधी रेवती. ती आमच्या घरी आहे, तळमजल्यावर, बाहेरच्या खोलीत. प्रबंध लिहिते आणि विश्वासला बोलतं करते. काल जेवताना त्यांनी एक विनोद केला, मला ठसका लागला. वहिनीची पुस्तकं रेवतीच्याच खोलीत आहेत, पलंगाखाली, खिडकीत, मुगाच्या डब्यावर. कपाट विकलं.

बाकीच्या दिवंगतांचं ऐक. काच तडकली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गल्लीत उभी राहून सरळ ओरडले, "किताबें ले जाओ, वापस मत करना." मला वाटलं होतं कुणी येणार नाही. मुनिरक्यातली अर्धी भाडेकरू पोरं आली. तुमचे वकीलसाहेब आता इंफाळच्या एका मुलीकडे आहेत, तिला त्यांचा लॅपटॉपखाली उपयोग होतो. होमिओपॅथी एका बिहारी पोराने नेली आणि तो ती खरंच वाचतोय, हे मला जास्त भयंकर वाटतं. एका दिवसात मजला रिकामा झाला. एवढी देवघेव या वाचनालयात चार वर्षांत झाली नव्हती. मुलांची पातळ पुस्तकं दोन ट्रंकांत मावली. ट्रंका गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून घेतल्या. रविवारी त्या उद्यानात नेतो, गवतावर उघडतो. भाडं नाही, छत नाही. छत नाही हे मला फार आवडतं.

आता पुढचं ऐक, आणि घाबरायला तयार हो, कारण मी रोज घाबरते.

रेवतीची खोली चौधरीने आठवड्यात भाड्याने दिली. मी गेले तर छताला नवं कॅलेंडर, खाली पलंग पुन्हा मधोमध, पलंगावर कर्नालची एक मुलगी पुस्तकं पसरून बसलेली. कॅलेंडर उचकटून तिला भेग दाखवली. "आंटी, किराया देखो ना," ती म्हणाली. तिला म्हटलं, माझ्याकडे चल. म्हणाली, सोचती हूँ. पलंग तेवढा आम्ही दोघींनी ओढून दाराशी नेला. विश्वासने महापालिकेला तक्रार लिहिली, आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न विचारता. पोच आली. फक्त पोच आली.

आणि आपला हॉल? चौधरी म्हणाला, "मैडम, आपने खाली कर दिया, अच्छा किया. जिम वाले आ रहे हैं."

जिम, दादा. व्यायामाची लोखंडी यंत्रं, वजनं, आणि ती उचलून आपटणारे तरुण. मी पुस्तकं उतरवली आणि लोखंडाला जागा करून दिली. त्या दिवशी मेट्रोत मी फरीदाबाद येईपर्यंत उभीच राहिले, बसायला जागा असून.

मग यंत्रांचा ट्रक आला. माणसांनी पहिलं यंत्र उचललं, जिन्याशी आणलं, आणि थांबले.

तू विचारलंस ना, पुतळा तिथेच आहे का. तिथेच आहे. हमालांनी त्या दिवशी तो जिन्याच्या तोंडाशी टेकवला आणि पळाले. चौथऱ्यासकट. एक माणूस अंग तिरकं करून सहज जातो-येतो. विश्वासने टेपने मोजून बघितलं, पळायची वेळ आली तर वाट हवी म्हणून. यंत्र जात नाही. आणि तुझा तो स्वस्त झेंडू मी घेतला होता. दोन हार उरले होते, ते सुखदाने जाताना पुतळ्याला घातले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी कुंकू लावलं. तिसऱ्या दिवशी उदबत्ती. आता गल्लीतल्या बायका मंगळवारी नारळ ठेवतात. "कौन-सी माता हैं?" एकीने विचारलं. सृष्टी शेजारी होती, ती म्हणाली, "किताबों वाली."

जिमवाल्यांनी चौधरीला म्हटलं, मूर्ती हटवा. चौधरीने मूर्तीकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं, गच्च्यांवरच्या बायकांकडे बघितलं. छताला देवी चिकटवणारा माणूस तो, पण जिन्यातल्या देवीला हात लावायची त्याची छाती झाली नाही. ट्रक परत गेला. वहिनीला फोटोसुद्धा नको असायचा, आणि आता बघ.

पण हे किती दिवस चालणार, मला माहीत नाही. भेग तशीच आहे. विश्वासने नवी काच लावलीय. आता ते रोज दहा ते पाच खालच्या पायरीवर बसतात, डबा घेऊन, ऑफिसला जावं तसे, आणि खोली बघायला येणाऱ्या प्रत्येकाला काचेचे जुने तुकडे दाखवतात. वरच्या मजल्यावरची दोन कुटुंबं गेली. कर्नालची मुलगी अजून सोचतेय. काल तिने पहिल्यांदा विचारलं, "आंटी, फरीदाबाद से मेट्रो में कितना टाइम लगता है?"

तिला न्यायला मी उद्या पुन्हा जातेय. जिन्यात शिरताना वहिनीच्या पाया पडावंसं वाटतं. अर्धपुतळ्याला पाय नसतात, म्हणून मी चौथऱ्याला हात लावते आणि अंग चोरून वर चढते. मुलं म्हणायची ना, काकी खेचतात. मी मनात एवढंच म्हणते, वहिनी, ती पोरगी खाली येईपर्यंत धरून ठेव.

तुझी,
कुमा